आक्काच्या तांब्याचं माप: वाल्हे ते धर्मपुरी

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि बरडच्या पुढं, धर्मपुरीला, सोलापूर जिल्ह्यात जाते. मधे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हे मुक्काम. साधारण ६५ किलोमीटरची वाट. तिथींच्या हिशेबानं लोणंदला कधी एक मुक्काम पडतो, कधी दोन. बाकी क्रम ठरलेला. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या दिंडीची चूल या वाटेवर आक्कानं सांभाळली. माघात ती गेली. ही वारी तिच्याशिवायची पहिली, म्हणून दिवसवार लिहून ठेवतोय: कुठल्या मुक्कामाला ती काय करायची, किती मापानं, आणि तसंच का. पुढच्या वर्षी चुलीवर नवे हात येतील, त्यांच्या कामाला येईल. ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना ती थोडी कळेलही.

आधी माप. दिंडी दीडशे माणसांची, पण आक्का रांधायची पावणेदोनशेचं. वरचे पंचवीस कोण, असं कोठीवाल्यानं विचारलं की म्हणायची, “ते अजून वाटंत हायत.” आणि ते यायचेच. दिंडी चुकलेली एखादी म्हातारी, बंदोबस्ताचे पोलीस, टँकरचा ड्रायव्हर, फिरती शौचालयं धुणारी पोरं. या पोरांना पहाटेचा पहिला चहा मिळायचा, दिंडीत मानाची वीणा धरणाऱ्या विणेकऱ्याच्याही आधी. त्यावर कुणी भुवया उंचावल्या तर तिचं उत्तर तयार असायचं, “त्येंनी एक दिवस काम सोडलं तर तुमचा अभंग कुणाला सुचंल का?”

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. माप एकच, पितळी तांब्या. तो वजनकाट्यावर तपासून घेतला आहे. काठोकाठ भरला की तांदूळ किंवा तूरडाळ एक किलो, बेसन ६०० ग्रॅम, पाणी सव्वा लिटरला थोडं कमी. पुढचे आकडे याच हिशेबाचे, पावणेदोनशे ताटांचे.

पहिला दिवस: वाल्हे ते लोणंद

वाल्ह्यात, नीरेच्या अलीकडच्या मुक्कामाला, पहाटे तीनला चहाचं पातेलं चढतं. दूध आठ लिटर, पाणी दहा, साखर पावणेदोन किलो, चहापूड ३०० ग्रॅम, आलं २०० ग्रॅम. आलं ठेचून पाण्यातच उकळायचं, दूध नंतर. दुधात कच्चं आलं पडलं तर दूध फाटतं, आणि पहाटे तीनला दुसरं दूध मिळत नाही.

पाचच्या आत ट्रक आणि टँकर रस्त्याला लागलेच पाहिजेत. पालखी निघाली की रस्ता वाहनांना बंद होतो आणि मागं राहिलेला ट्रक दुपारच्या विसाव्याला पोचत नाही. तंबू उपसताना कुणी रेंगाळलं की आक्का त्याच्या अंगावरची वाकळ ओढायची नाही. शेजारी बसून मोठ्यानं काकडा म्हणायची, मुद्दाम बेसूर. माणूस हात जोडून उठायचा.

ट्रक भरायची तिची रीत पक्की होती. जे उतरल्यावर आधी लागतं ते शेवटी भरायचं. तळाला तांदूळ, गहू, साखरेची पोती, त्यावर भांडी, सगळ्यात शेवटी, मागच्या फाळक्याजवळ, ताडपत्री, शेगड्या, चहाचं सामान आणि कुदळ. पावसात ट्रक उतरवताना आधी ताडपत्री हाती आली नाही तर पीठ भिजतं, हे एवढंच त्याचं कारण.

पिंपरे खुर्दला विसावा, मग नीरा. पालखी पूल ओलांडून पाडेगावच्या बाजूला येते आणि दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना नीरास्नान होतं. गर्दी अफाट. दिंडीतल्या म्हाताऱ्यांना पात्रात उतरू देऊ नये. वरच्या वीर धरणातून पाणी सोडलेलं असलं तर प्रवाहाला ओढ असते आणि शेवाळलेल्या पायरीवर पाय ठरत नाही. दोन तरण्यांनी पायरीवर उभं राहून तांब्यानं पाणी वर द्यावं. ही पाणी द्यायची पाळी आक्का स्वतः लावायची, आणि ज्याची डोक्यावर पाणी घ्यायची तयारी नसेल त्याच्या डोक्यावर आधी ओतायची.

लोणंदला तंबू टाकताना वारा पाहायचा. या दिवसांत तो पश्चिमेकडून येतो, म्हणून ट्रक पश्चिमेला आडवा लावायचा आणि त्याच्या आडोशाला शेगड्या. तंबूच्या भोवती वीतभर खोल चर, उताराच्या बाजूला तोंड मोकळं.

त्यानंतर, स्वयंपाकाच्याही आधी, बायकांची न्हाणी. सात फुटी चार बांबू, चारी बाजूंनी ताडपत्री, आतून जुन्या नऊवारी लुगड्यांचा दुसरा पडदा. दुसरा पडदा का, तर दिवा आत लावला की नुसत्या ताडपत्रीवर सावल्या पडतात आणि बाया अंघोळच टाळतात. दिवाही आत न लावता बांबूच्या टोकाला, डोक्याच्या वर बांधायचा, म्हणजे उजेड खाली येतो आणि सावली जमिनीवर राहते. खाली मुरूम किंवा फळी, नाहीतर पाचव्या बाईला चिखल. हे सगळं आक्कानं बसवलं. एका वर्षी लोणंदला अंघोळीचं पाणीच आलं नाही, तेव्हा तिनं ते थेट समाजआरतीत नेलं.

समाजआरतीची शिस्त वारकऱ्यांना ठाऊक आहेच. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ वाजत असतात, चोपदार दंड उंचावून ‘होऽऽ’ म्हणतात की टाळ थांबतात. जिची तक्रार असेल त्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात, मग चोपदार तिच्याकडं जाऊन ऐकून घेतात. या सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, याचा आक्काला फार अभिमान. त्या संध्याकाळी तिनं विणेकऱ्याला बजावलं, टाळ थांबवायचे नाहीत. चोपदार आले, तर हीच पुढं झाली. “देवाला दुपारी नीरंत न्हाऊ घातलं. त्येच्या लेकी बिननाहत्या झोपायच्या व्हय?” आसपासच्या दिंड्यांतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. आरती झाल्यावर तासाभरात टँकर आला. तेव्हापासून दिंडी आपला टँकर बरोबर ठेवते.

रात्री पिठलं-भाकरी. बेसन दहा तांबे, पाणी पंचवीस. कांदा पाच किलो, हिरवी मिरची पाऊण किलो, लसूण अर्धा किलो, तेल दोन लिटर, हळद मूठभर, मीठ ४०० ग्रॅम. बेसन आधी गार पाण्यात कालवायचं, दहा तांबे बेसनाला दहा तांबे पाणी, बोटांनी चोळून एकही गुठळी ठेवायची नाही. उरलेले पंधरा तांबे पाणी फोडणीत खळाखळा उकळू द्यायचं. मग एकानं बारीक धार धरायची आणि दुसऱ्यानं लांब दांड्याच्या उलथन्यानं तळ खरवडत एकाच दिशेनं फिरवायचं. दोन माणसं लागतातच. एकट्यानं केलं की धार थांबते, हात थांबतो, आणि गुठळी होते किंवा तळ लागतो. तळ लागलाच तर खरवडू नये, वरचं पिठलं दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावं. करपलेला तुकडा फिरला की सगळ्याला वास. गुठळ्या झाल्याच तर आक्का वाढताना सांगायची, “गुठळ्या न्हाईत, मोदक हायत. ज्येच्या ताटात आला त्येची संकष्टी सुटली.”

दुसरा दिवस: लोणंद ते तरडगाव

पालखी दुपारनंतर निघते आणि अंतर थोडं, त्यामुळं सकाळ खरेदीची. लोणंद कांद्याच्या पेठेचं गाव. कांदा घेताना मान दाबून पाहायची. ओली लागली की तो कांदा चार दिवस टिकत नाही. गोणी तागाचीच हवी आणि ट्रकमध्ये फळीवर. प्लॅस्टिकमध्ये घाम धरतो.

ज्वारीही इथंच दळून घ्यावी. घरून महिनाभराचं पीठ आणलं तर त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि तव्यावर टाकताना हातातच तुटते. आठ दिवसांपेक्षा जुनं पीठ ठेवू नये. तशी वेळ आलीच तर उकळत्या पाण्यात पीठ भिजवून दहा मिनिटं झाकून ठेवावं, मग मळावं. एका किलोत अकरा भाकरी, साडेतीनशेंना ३२ किलो. एका तव्यावर तासाला पंचवीस-तीस निघतात, म्हणजे सहा तव्यांना दोन तासांच्या वर. ज्यांना थापता येत नाही ते तव्यावर उलटतील, शेकतील. पुरुषांनाही आक्का बसवायची. कुणाची भाकरी कोनाकोनांची झाली की ती बाजूला काढून ठेवायची आणि त्यालाच वाढायची. “सातारा जिल्ह्याचा नकाशा जमलाय, आता खाऊन टाक, न्हाईतर दुसरं जिल्हं भांडतील.”

भाकरी गरम गरम रचू नये. कापडावर सुटी पसरून वाफ जाऊ द्यावी, मग दुरडीत. वाफ कोंडली की सकाळी तार सुटते, आणि उद्याची दुपार याच भाकरीवर काढायची असते.

सकाळी सातला वाघ्या घेवडा, राजम्यासारखं कडधान्य, भिजत घालायचा, नऊ किलो. कोरेगावचं हे पीक आक्का घरचं आणायची, पोत्याला शिवण स्वतःच्या हातची. ड्रम अर्ध्यापर्यंतच भरावा. घेवडा दुपटीवर फुगतो आणि ट्रकच्या धक्क्यांनी झाकण उडतं. तरडगावला पोचल्यावर भिजवणीचं पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात मोठ्या आचेवर निदान दहा मिनिटं खळखळून उकळायचं, मग मध्यम आचेवर बोटानं चिरडेपर्यंत शिजवायचं. यात हयगय नको. अर्धवट शिजलेल्या घेवड्यानं उलट्या होतात, आणि वारीत एका पंगतीला त्रास झाला की सकाळी चालायला माणसं उरत नाहीत. मीठ आणि आमसूल दाणा मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं तर दाणा दडदडीत राहतो.

वाटेत चांदोबाचा लिंब, वारीतलं पहिलं उभं रिंगण. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिंड्या उभ्या राहतात आणि मधून अश्व धावतात, माउलींचा अश्व मोकळ्या पाठीचा आणि दुसऱ्यावर जरीपटका घेतलेला स्वार. पोरं मागच्या रांगेत, कडेवर. टापांखालची माती कपाळाला लावायला अश्व पूर्ण पुढं गेल्याशिवाय कुणी वाकू नये. दुसरा अश्व मागून येत असतो, लोक पहिल्यालाच पाहून वाकतात.

रिंगणानंतर खेळ. आक्काची फुगडी बघायला पुढच्या-मागच्या दिंड्यांतली माणसं थांबायची. ती शिकवायची कशी, तर बोटात बोटं अडकवायची नाहीत, मनगटाला मनगट धरायचं. पावलं जोडून, चवडे एकमेकींच्या चवड्यांना टेकवून, कंबर मागं टाकून वजन हातांवर. गुडघा वाकवला की तोल गेला. ओल्या गवतावर खेळायचं नाही, चपला काढून कोरड्या मुरमावर खेळायचं. एका बंदोबस्तातल्या पोलीस पोरीला तिनं असंच ओढलं होतं. ती लाजून नको नको म्हणाली, तर आक्कानं तिची टोपी काढून शेजारच्या फौजदाराच्या हातात दिली, “एवढी धरा, माझी लेक खेळतीया,” आणि गिरक्या अशा घेतल्या की फौजदार टोपी धरून हसत उभे. ती पोरगी त्यानंतर दर वर्षी, बंदोबस्त कुठंही असो, तरडगावला आमच्या तंबूत जेवायला यायची. यंदाही आली. तिनं घेवड्याची उसळ वाढायला घेतली, शेवटच्या पंगतीपर्यंत वाढत होती, आणि मग खरकटी पातेली घासायला बसली. कुणी तिला उठवलं नाही.

तिसरा दिवस: तरडगाव ते फलटण

काळज, सुरवडी, निंभोरे, वडजल करत फलटण. वीसेक किलोमीटर, या टप्प्यातला सगळ्यात लांब दिवस. दुपारला शिळी भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. वाटेत काही शिजवू नये.

पायाला फोड याच दिवशी येतात. सुई पाण्यात उकळून घ्यावी, फोडाच्या कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी तशीच राहू द्यावी. ती सोलली की दुसऱ्या दिवशी पाय टेकत नाही.

आता चपलांचं पोतं. वारीत मंदिरापाशी, विसाव्यापाशी चपला हरवणं रोजचं. आक्का वर्षभर गावातून जुन्या चपला गोळा करायची, धुऊन, अंगठे शिवून, पोत्यात भरून आणायची. अनवाणी दिसलेल्या कुणालाही द्यायची, दिंडी कुठली हे न विचारता. आणि मुद्दाम बेजोड द्यायची, डावी लाल तर उजवी काळी. “जोड दिला तर पुढच्या देवळात पुन्हा जाईल. ह्यो कुणी चोरणार न्हाई.” खरंच कुणी चोरत नाही. पोत्यात पायाच्या मापाप्रमाणं तीन गाठोडी करावी, लहान, मधली, मोठी. म्हणजे रस्त्यात सगळं पोतं उपसावं लागत नाही. म्हाताऱ्यांना रबरी तळ गुळगुळीत झालेली देऊ नये, डांबर ओलं असतं.

फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्काम. इथं पाण्याचं जपावं. बोअरचं पाणी जड लागलं तर त्यात डाळ शिजत नाही, तासभर गॅस जळतो आणि डाळ दाताखाली येते. म्हणून आमटीपुरतं, ५० लिटर, पाणी आधीच्या मुक्कामावरून वेगळ्या ड्रममध्ये आणायचं. डाळ सहा तांबे, तांदूळ बारा. टँकर कुठूनही भरला तरी १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. आधी बादलीत कालवून, निवळ पाणी टँकरमध्ये ओतायचं, गाळ टाकून द्यायचा, आणि अर्धा तास नळ उघडायचा नाही. पावडर ताजी असावी. पिशवी उघडी राहिलेली असली तर ती नुसती चुन्यासारखी पडून राहते, गुण गेलेला असतो.

फलटण हे सईबाईंचं माहेर, निंबाळकरांचं. आक्का म्हणायची, माहेरात आल्यावर बाईचे हात रिकामे कसे राहतील? म्हणून ती इथं काचेच्या बांगड्या घ्यायची, दोन चार, दोन सहा, दोन आठ अशी तिन्ही मापं, आणि दिंडीतल्या प्रत्येक बाईला भरायची. विधवा बायांनाही. ती स्वतः तरुणपणी विधवा झालेली. पहिल्या वर्षी काहींनी हात मागं घेतले, तेव्हा तिनं आधी स्वतःचे हात कासाराकडं पुढं केले. पुढच्या वर्षीपासून रांग लागायची. भाकरी थापणाऱ्या बायांनी बांगड्या काढून दोरीत ओवून तंबूच्या खांबाला टांगाव्यात. काच पिठात जाता कामा नये. यंदा बांगड्या सगळ्यांनी मिळून आणल्या आणि तिच्या दोन्ही सुनांनी भरल्या.

चौथा दिवस: फलटण ते बरड

विडणी, पिंप्रद, निंबळक नाका. अठरा किलोमीटरच्या आसपास, सपाट रस्ता.

बरडला रान काळं. पाऊस पडला असेल तर ट्रक शेतात उतरवूच नये, मुरमावर किंवा सडकेच्या कडेला ठेवावा आणि सामान डोक्यावर न्यावं. रुतलेला ट्रक काढायला दोन तास जातात, तेवढ्यात जेवण होतं. तंबूच्या मेखा इथं दोन फुटी लागतात, तिरक्या ठोकलेल्या. वीतभर मेख ओल्या काळ्या मातीतून वाऱ्यासरशी उपटून येते.

मोठ्या शेगडीला आक्का ‘थोरली जाऊ’ म्हणायची, लहानीला ‘धाकटी’. पावसात थोरली रुसते. सिलिंडरमधून गॅस जोरात ओढला की तो गार पडतो, बाहेरून दव धरतं, कधी पांढरं बर्फ, आणि ज्योत बसते. सिलिंडर संपला असं वाटतं, पण अर्धा भरलेला असतो. आडवा करू नये, जाळाजवळ तर मुळीच नेऊ नये. दोन सिलिंडर ठेवून आलटून-पालटून लावावेत, किंवा कोमट पाण्याच्या घमेल्यात उभा करावा. यंदा बरडला नेमकं हेच झालं, भात अर्धा शिजलेला. कोठीवरच्या पोरानं घमेलं आणलं आणि आक्काच्याच सुरात शेगडीला म्हणाला, “उठा थोरल्या बाई, माहेरची माणसं आल्यात.” सगळी चूल हसली. पुढं बराच वेळ कुणी काही बोललं नाही, भात मात्र वेळेत झाला.

पाचवा दिवस: बरड ते धर्मपुरी

साधुबुवाच्या ओढ्यावर न्याहारी. पोहे चौदा किलो, कांदा चार, दाणे दीड. पोहे चाळणीत थोडे थोडे भिजवावेत, एकदम घमेल्यात पाणी ओतलं तर खालचे लगदा होतात. मग धर्मपुरी, आणि जिल्हा संपतो.

इथपर्यंत आल्यावर तिच्या कामाची वाटणी कशी बसली ते लिहितो, कारण एका माणसावर हे सगळं पुन्हा टाकता येणार नाही आणि टाकूही नये. पिठलं-आमटीचं माप धाकट्या सुनेकडं, तांब्या तिच्या ताब्यात. न्हाणी आणि तिथला दिवा थोरल्या सुनेकडं. टँकर, पावडर, सिलिंडर कोठीवरच्या पोराकडं. चपलांचं पोतं भजनी मंडळाकडं, गोळा करायला आषाढीनंतर लगेच सुरुवात. वरच्या पंचवीस ताटांचा हिशेब कुणाकडंच दिलेला नाही. ती धरूनच पातेलं चढवायचं. यंदा वाल्ह्यापासून धर्मपुरीपर्यंत एकाही रात्री ती पंचवीस ताटं उरली नाहीत. बरडला तर तीन कमी पडली, तेव्हा वाढप्यांनी आपली दिली. पुढच्या मुक्कामाला, नातेपुत्याला, तांदूळ दोन तांबे जास्त टाकायचं ठरलं आहे.